इचोड्याच्या रस्त्यावर छत्तीस फ्रेम

रस्त्यावरच्या छायाचित्रणाची बहुतेक पुस्तकं मोठ्या शहरांत बसून लिहिलेली आहेत. गर्दीत मिसळा, कुणाच्या लक्षात येऊ नका, फोटो घ्या आणि पुढे सरका, असा त्यांचा सल्ला. दादर स्टेशनबाहेर तो चालतो. इचोड्यात चालत नाही. आदिलाबादहून निर्मळकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या या गावात गळ्यात कॅमेरा अडकवून कुणी पाच मिनिटं उभं राहिलं, की चहावाला विचारणारच, "कुठल्या पेपरचे?" दुसरा विचारेल, "कसला सर्व्हे आहे?" आणि तिसरा तुमच्या वडलांना ओळखत असेल.

इथे लपता येत नाही, हे आधी मान्य करून टाकावं. ते एकदा मान्य केलं की शिकायचं काय, याचा क्रमच बदलतो. हातचलाखीपेक्षा ओळख आणि वेगापेक्षा एका जागी टिकून राहणं महत्त्वाचं ठरतं. फिल्मचा कॅमेरा यासाठी फार सोयीचा आहे, असं माझं मत झालं आहे. किनवट, माहूर, पांढरकवडा, वणी, अशा कुठल्याही तालुक्याच्या गावात राहून हा नाद लावून घेऊ पाहणाऱ्यालाही पुढचं सगळं लागू पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या फोटोंचा रंग आणि दाणेदार पोत एवढंच हवं असेल, तर फोनमध्ये त्याचे ढीगभर फिल्टर आहेत. उगाच पैसे घालवू नका. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून एका रोलचा खर्च आज हजार रुपयांच्या वर जातो, म्हणजे दर फ्रेममागे तीस-चाळीस रुपये. हा खर्च सत्कारणी लागतो तो एकाच कारणासाठी: बटण दाबण्याआधी तुम्ही थांबता. फोटो लगेच दिसत नसल्यामुळे मान खाली घालून पडदा बघत बसत नाही, समोर बघत राहता. नवशिक्याचं निम्मं शिक्षण या थांबण्यात होतं.

कॅमेरा विकत घेण्याआधी घरातली कपाटं उघडून बघा. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत दोन-तीन जातीचे कॅमेरे हमखास निघतात. आजोबांच्या काळातला आग्फा क्लिक थ्री निघाला तर तो जपून ठेवा, पण शिकायला घेऊ नका. त्याला 120चा रुंद रोल लागतो आणि त्यात बाराच चौकोनी फोटो येतात. नव्वदच्या दशकातला कोडॅक केबी 10 किंवा याशिका एमएफ 2 निघाला तर तो 35 मिलिमीटरचा आहे. त्यात फोकस कायमचा ठरलेला, करण्यासारखं फारसं काही नाही, पण उन्हात फोटो नीट येतात. पहिला रोल त्यात घालायला काहीच हरकत नाही.

खरं शिकायचं असेल तर मात्र शटरचा वेग, लेन्सचं छिद्र आणि फोकस तिन्ही हाताने बदलता येणारा एसएलआर हवा. पेंटॅक्स के 1000, याशिका एफएक्स 3, निकॉन एफएम 10 हे जुन्या बाजारात मिळणारे सरळमार्गी कॅमेरे. तिघांचंही शटर यांत्रिक आहे. बटनसेल संपला तर फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो, फोटो निघत राहतात. आणि सेल लागतो तो एलआर 44, घड्याळवाल्याकडे मिळणारा. रशियन झेनिटही स्वस्तात दिसतात. यंत्र दणकट, पण झेनिट ई मधला सेलेनियमचा मीटर एवढ्या वर्षांनी खरं सांगेल याची खात्री नाही. लायकाच्या स्वप्नात तर पडूच नका. त्या पैशांत चांगले पन्नास रोल येतात.

जुना कॅमेरा घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या कानाडोळ्यांवर भरवसा ठेवा. मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर ठेवून दाबा आणि ऐका. एक सेकंद हा एक सेकंदच वाटायला हवा. मग एकेक वेग वाढवत जा, प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा आखूड झाला पाहिजे. शटर बी वर (बटण दाबून ठेवलं तोवर उघडं) धरून लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालवून घेता येते, मधोमध पसरली असेल तर कॅमेरा परत द्या. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरणार हे नक्की. तो खरवडून काढून तिथे काळी लोकर किंवा मखमलीची पट्टी चिकटवली की काम भागतं. सेलच्या खणात हिरवा गंज असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा.

रोल कोणता? सुरुवातीला कृष्णधवल, 400 आयएसओचा. इल्फोर्ड एचपी 5 प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, जो मिळेल तो. मात्र वर्षभर तोच वापरा. एकेकाळी आपलाही देशी रोल होता. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये 'इंदू' नावाने तो तयार व्हायचा. तो कारखाना बंद पडला आणि आता बाहेरून येईल त्यावरच भागवावं लागतं. कृष्णधवल सुचवण्यामागे कलेपेक्षा व्यवहार जास्त आहे. रंगीत रोल धुवायचा तर रसायनं सुमारे 38 अंशांवर नेमकी धरून ठेवावी लागतात आणि ते काम प्रयोगशाळेवर सोपवणंच बरं. कृष्णधवल रोल घरच्या मोरीत धुता येतो. मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात, पण आदिलाबादच्या दोन-चार उन्हाळ्यांत कपाटात शिजलेला रोल घेऊ नका. मे महिन्यात इथे पारा 44-45 पर्यंत चढतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या रोलची काय गत होते ते सांगायला नको. रोल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवा, म्हणजे त्यावर बाष्प धरणार नाही.

रोल भरताना नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. रोलची जीभ फिरकीत नीट अडकत नाही, आकडा मात्र पुढे सरकत राहतो आणि छत्तीस फोटो काढल्याच्या आनंदात माणूस कोरा रोल धुवायला टाकतो. यावर एक खूण आहे. झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची चकती हलकेच घड्याळाच्या दिशेने फिरवून ढील काढून घ्या. मग पुढचा फोटो घेण्यासाठी लिव्हर ओढताना ती चकती आपोआप उलटी फिरते का, बघा. फिरली तर रोल सरकतोय. ही नजर पहिल्या तीन-चार फ्रेमना टाकायची सवय लावा. रोल सावलीत भरा, आणि महामार्गाच्या कडेला किंवा जिनिंगच्या आसपास तर भरूच नका. धुळीचा किंवा कापसाच्या तंतूचा एक कण आत राहिला तर प्रत्येक फोटोवर आडवी रेघ उमटते. आयएसओची चकती 400 वर फिरवायला विसरू नका. आणि घरात लहान मुलं असतील तर मागचं झाकण उघडलं की काय होतं ते त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता उजेड. मीटर असला तरी त्याच्याशिवाय उजेड ओळखता आला पाहिजे, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. जुना नियम असा: कडक उन्हात छिद्र एफ 16 ठेवा आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याजवळचा. 400चा रोल असेल तर 1/500. पातळ ढग आले, सावल्या मऊ झाल्या की एफ 11. आभाळ भरलं, सावली पडेनाशी झाली की एफ 8. दुकानाच्या पडवीत, कडुनिंबाच्या सावलीत एफ 5.6, आणि पडवी खोल असेल तर एफ 4. एवढं पाठ झालं की चौकात उभं राहून कॅमेऱ्याकडे न बघता हाताने छिद्र बदलता येतं. आठवडाभर रोल न घालता नुसतं चालताना मनात म्हणत राहा: हा चौक 16, ती टपरी 5.6, ही गल्ली 4. फुकटचा सराव आहे.

मीटर कुठे चकवतो तेही समजून घ्या. त्याला समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं. हंगामात कापसाने भरलेली गाडी समोर आली की तो शुभ्र ढीग पाहून मीटर उजेड कमी करायला सांगतो, आणि फोटोत कापूस राखेसारखा येतो. तिथे मीटरच्या सांगण्यापेक्षा एक-दीड स्टॉप, म्हणजे छिद्राच्या एक-दीड पायऱ्या, जास्त द्या. म्हैस चौकट व्यापून उभी राहिली तर याच्या उलट होतं. पण निगेटिव्हला जास्तीचा उजेड पचतो, कमी पडलेला पचत नाही, त्यामुळे म्हशीच्या बाबतीत फार हिशोब केला नाही तरी चालतं. दुपारच्या उन्हात फेट्याखालचा किंवा डोक्यावरच्या पदराखालचा चेहरा हवा असेल तर मीटर रस्त्यावर धरू नका. स्वतःचा तळहात तसाच सावलीत धरून त्याचं मोजमाप घ्या आणि त्याहून एक स्टॉप उघडा. मागचा रस्ता पांढरा पडला तर पडू द्या, डोळे दिसले पाहिजेत.

फोकससाठी मला एकच पद्धत नवशिक्याला सांगाविशी वाटते: अंतर आधी ठरवून टाका. जुन्या लेन्सवर छिद्राच्या आकड्यांच्या दोन जोड्या आणि मीटरचे आकडे कोरलेले असतात. ते शोभेसाठी नाहीत. 50 मिलिमीटरची लेन्स एफ 8 वर ठेवून फोकस 3 मीटरवर लावला, तर साधारण सव्वादोन ते सव्वाचार मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. एफ 16 वर फोकस 5 मीटरला लावला तर अडीच मीटरपासून जवळजवळ क्षितिजापर्यंत. 35 मिलिमीटरची लेन्स असेल तर आणखी सैल; एफ 8 आणि 3 मीटरला जवळपास दोन ते सात मीटर. म्हणजे भर उन्हात फोकसची चकती फिरवत बसायची गरजच नाही. फक्त तीन मीटर म्हणजे किती, हे अंगात भिनलं पाहिजे. घरात टेपने मोजून तीन मीटरवर खडूची रेघ मारा आणि दाराशी उभं राहून बघत राहा. 50च्या लेन्समध्ये कॅमेरा उभा धरला तर एवढ्या अंतरावर पूर्ण माणूस चौकटीत बसतो. आडवा धरला तर गुडघ्यापासून वर. चालत्या माणसाला 1/250 पुरतं, मोटारसायकलला 1/500.

एवढी तयारी झाल्यावर गावात कुठे उभं राहायचं? फिरू नका, उभे राहा. भटकत फोटो काढणाऱ्याला सगळं अर्धवट मिळतं. आपला महामार्ग इथे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण धावतो. सकाळी ऊन पूर्वेकडून आडवं येऊन रस्त्याच्या पश्चिमेकडच्या दुकानांवर पडतं, संध्याकाळी त्याच्या उलट. म्हणजे सकाळी कुठली भिंत उजळणार आणि संध्याकाळी कुठली, हे आदल्या दिवशी घरी बसून सांगता येतं. अशी एक उजळलेली भिंत, शटर किंवा रंगवलेली पाटी निवडा, फोकस तिच्या पुढ्यातून माणसं ज्या रेषेवरून चालतात तिथे लावा आणि वाट बघा. पार्श्वभूमी तुमच्या हातात आहे, माणूस येईल तेव्हा येईल. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, सायकलच्या कॅरियरवर कोंबड्या बांधलेला माणूस, शाळेच्या गणवेशातल्या पोरी, त्यांच्यामागून एकटी शेळी, यांतलं कुणी तरी योग्य जागी पाऊल टाकेलच. दोन माणसं एकमेकांवर चढत नाहीत ना, कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवत नाही ना, एवढं चौकटीच्या कडांकडे बघून ठरवा आणि बटण दाबा. एकदाच.

आरटीसीचं बसस्टँड, आठवडी बाजार आणि पंक्चरच्या दुकानांची रांग, या तीन जागा वर्षभर पुरतील. बाजारात सकाळी लवकर जा, माल उतरत असताना. तेव्हा माणसं कामात असतात, तुमच्याकडे बघायला त्यांना सवड नसते, आणि ऊन अजून तिरपं असतं. दुपारी बारानंतर बाजाराच्या ताडपत्र्यांखाली निळा-पिवळा उजेड भरतो. कृष्णधवलमध्ये तो रंग दिसणार नाही, पण ताडपत्रीतून गाळून आलेला मऊ उजेड चेहऱ्यांना फार चांगला. भर दुपारी मोकळ्यावर काढण्यापेक्षा तिथे आत बसा. पंक्चरच्या दुकानात टायर सगळे काळे, माणसाचे कपडे काळे, हात काळे. कृष्णधवल फिल्मसाठी ती अवघड जागा आहे, म्हणून तीन-चार रोल झाल्यावरच तिकडे वळा.

आता माणसांकडे येऊ, कारण गावात हाच खरा विषय आहे. हातात फोन असेल तर समोरचा म्हणतो, "दाखव बरं", आणि आवडला नाही तर, "डिलीट कर". फिल्मच्या कॅमेऱ्यात दाखवता येत नाही आणि पुसताही येत नाही. हे सांगितल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मागचं झाकण दाखवून पटवावं लागतं. म्हणून नंतर माफी मागण्याचा शहरी मार्ग इथे धोक्याचा. चेहरा जवळून काढायचा असेल तर आधी विचारा. इचोड्यात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि दखनी अशा सगळ्या भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात, तेव्हा विचारणंही माणूस बघून असावं. "मामा, एक फोटो काढू का?" किंवा "फोटो तीयवच्चा, अण्णा?" आणि गोंड म्हाताऱ्याला आधी "राम राम", मग बाकीचं. परवानगी मिळाली की माणूस ताठ उभा राहतो, हात मांड्यांवर, श्वास रोखलेला. तो फोटो काढा, कारण त्याला तोच हवा आहे. मग कॅमेरा खाली न ठेवता बोलत राहा. तो पुन्हा विडी पेटवेल किंवा तराजूकडे वळेल, तेव्हा दुसरा काढा. दोन फ्रेम पुरेत.

पहिल्या फोटोची कॉपी त्याला नेऊन द्यायची. यात सूट नाही. आदिलाबादच्या कुठल्याही स्टुडिओत स्कॅनवरून चार बाय सहाची कॉपी थोडक्या पैशांत निघते. नाव माहीत नसेल तर कुठे, कुठल्या दिवशी भेटला ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बाजाराला पाकीट घेऊन जा. कॉपी हातात पडल्यावर तो माणूस शेजारच्याला दाखवतो, शेजारचा म्हणतो माझाही काढा, आणि महिन्याभरात बाजाराच्या त्या ओळीत तुम्ही बाहेरचे राहत नाही. मग "कुठल्या पेपरचे?" हा प्रश्न थांबतो, आणि ज्याला शहरी पुस्तकं नकळत काढलेला फोटो म्हणतात, तो इथे खरोखर काढता येतो.

या भागात हे आधी कुणीतरी करून दाखवलं आहे. 1940 मध्ये गोंड नेते कोमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने गोंडांचा प्रश्न समजून घेण्यासाठी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला बोलावलं. पत्नी बेट्टीसह तो मारलवाई गावात गोंडांमध्ये येऊन राहिला, गोंडी शिकला आणि वर्षानुवर्षं फोटो काढत गेला. त्याचा मोठा संग्रह आता लंडनच्या सोआस या संस्थेकडे आहे. इंटरनेटवर जे पाहायला मिळेल ते जरूर पाहा. बाहेरच्या माणसाची नजर त्यात आहेच, आणि सरकारने बोलावलेल्या माणसाचं वजनही. पण सुगीचे, घर शाकारण्याचे, नुसते बसून राहिलेल्या माणसांचे फोटो बघितले की शेजारी राहिल्याशिवाय ते मिळाले नसते, हे कळतं. दुसरं उदाहरण आपल्या वऱ्हाडातलं. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं काढली. ती बघताना कॅमेरा कामगारांच्या किती जवळ, आणि किती वेळ, उभा होता ते बघा. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंत लेन्सची करामत शोधू नका.

सण-जत्रांकडे नवशिक्या सगळ्यात आधी धावतो. पोळा, दिवाळीतली दंडारी आणि गुसाडी नाच, पुष्य अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा, सगळं इचोड्यापासून जवळ. माझा सल्ला, पहिल्या वर्षी जा पण रोल भरू नका. फार तर एकच भरा. मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी कुणीही फोटोत पकडतो आणि सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात. शिवाय दंडारीचे दिवस नाचणाऱ्यांसाठी व्रताचे असतात. त्यांच्या कामात आडवं येऊ नये, अंगावरच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नये. नागोबाची पूजा मेस्राम घराण्याची. देवळाच्या आतल्या विधींचे फोटो काढायचे की नाही, हे घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा आणि नाही म्हणाले तर बाहेर या. बाहेर जत्रेत फोटोंची कमतरता नाही: बैलगाड्यांखाली झोपलेली माणसं, तीन दगडांची चूल, बांगड्यांच्या दुकानासमोर हात पुढे केलेली मुलगी. कुंतला धबधब्यावर किंवा नदीकाठी आंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. तो सभ्यतेचा प्रश्न आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हाही ठरू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत जवळच्या मोठ्या माणसाला विचारा.

रोल संपला. हैदराबाद, पुणे, मुंबईच्या प्रयोगशाळा कुरिअरने रोल घेतात, पहिले दोन-तीन तिकडेच पाठवा. पुढे घरी धुवायला शिका. लागतं फार थोडं: उजेडबंद डबा आणि त्यातली चक्री, थर्मामीटर, मोजपात्र, डी 76 हे डेव्हलपर आणि फिक्सर. रोल चक्रीवर चढवायचा तो पूर्ण अंधारात. चेंजिंग बॅग (हात आत घालून अंधारात काम करायची पिशवी) असेल तरी उन्हाळ्यात तिच्यात हाताला घाम येऊन फिल्म चिकटते. त्यापेक्षा अमावास्येच्या आसपास रात्री, दाराच्या फटीला गोधडी लावून, दिवे बंद केलेल्या खोलीत बसा. एक वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. हा सराव कंटाळवाणा आहे आणि टाळता येत नाही.

एचपी 5 प्लस मूळ ताकदीच्या डी 76 मध्ये 20 अंशांवर साडेसात मिनिटं धुतात. पहिले दहा सेकंद डबा चार वेळा उलटा-सुलटा करायचा, मग दर मिनिटाला तेच. अडचण अशी की आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर नळाचं पाणी 20 अंश नसतंच. पाणी जितकं गरम, तितका वेळ कमी, आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की फोटोवर ढग उमटल्यासारखे डाग येतात. मार्ग दोन. घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन रसायनांच्या बाटल्या त्यात ठेवा. किंवा डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळा, मग 20 अंशांवर अकरा मिनिटं लागतात आणि गरमीसाठी वेळ कापायला जागा उरते. दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी धरा, नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा. सगळी पाणी-रसायनं एकाच तापमानाला असू द्या. डेव्हलपर ओतून दिलं की साधं पाणी, मग फिक्सर. फिल्मच्या तुकड्यावर फिक्सर टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल त्यात ठेवा.

शेवटच्या खळखळीसाठी बोअरचं पाणी वापरू नका. क्षार सुकून निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. महामार्गावरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी मिळतं, ते घ्या. रोल बाथरूममध्ये टांगा, आधी तिथे गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसू द्या आणि दार लावून रात्रभर कुणाला जाऊ देऊ नका; घरच्यांशी याचा आधीच तह करावा लागतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. ते शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. कॅनमध्ये साठवून एखाद्या प्रयोगशाळेला किंवा जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणाऱ्याला द्या.

निगेटिव्ह हातात आली की लगेच निवडायला बसू नका. उजेडाच्या पाटीवर सगळ्या पट्ट्या मांडून फोनने एकच फोटो घ्या, तोच तुमचा कॉन्टॅक्ट शीट. त्यात एकट्या चांगल्या फोटोपेक्षा त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम नीट पाहा: तुम्ही लवकर दाबलं की उशिरा, जवळ गेलात की कचरलात, एकाच गोष्टीवर सहा फ्रेम का घालवल्या. वहीतल्या नोंदींशी ताडून बघा, कुठे एफ 5.6 म्हटलं होतं आणि काय निघालं. बहुतेकांना कळतं की ते दोन पावलं लांब होते. पुढच्या रोलला तेवढंच सुधारा, बाकी काही बदलू नका. लेन्स तर नाहीच.

पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापून बटर पेपरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा, साध्या पीव्हीसीच्या नको. पाकिटावर तारीख, जागा आणि माणसं पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात पाकिटं आणि लेन्स दोन्ही हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या; त्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळ्या करता येतात, फक्त तो तवा नंतर भाकरीला वापरू नका. आणि ज्यांना कॉपी द्यायची राहिली आहे त्यांची यादी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, पुढचा रोल काढताना ती आधी दिसेल.